मामाच्या अंगणातली टाचणी

भिवंडी तालुक्यात जे जे काही वाट चुकतं, त्या सगळ्याचा शेवटचा मुक्काम म्हणजे माझ्या मामाचं अंगण. यात कौतुक काही नाही, आणि मी फारसं वाढवूनही सांगत नाही. दिघाशीच्या अलीकडे रस्ता सोडून आत वळलं की जांभळाच्या झाडाखाली सारवलेलं जे अंगण लागतं, तिथे आजवर कुठल्याशा पाड्यातल्या नवरीचा शालू आलाय, एका मास्तरांच्या गुडघ्याचा पट्टा आलाय, काचेच्या पेटीसाठी मागवलेले जिवंत मासे पिशवीत तोंडं मिटत उघडत आलेत. गोदामाचं आगीचं नळकांडं आलंय, वीजमीटर तपासणारा आलाय, विम्याचा साहेब आलाय, आणि एकदा बँडसकट अख्खं वऱ्हाड येऊन उतरलंय. यातलं मामाचं काहीही नव्हतं. मामाने आयुष्यात कधी काही मागवलेलं नाही. त्याला जे लागतं ते बाजारात जाऊन, चार शिव्या देऊन आणि भाव पाडून तो घेऊन येतो.

हे असं का व्हायचं ते मला ठाऊक आहे, कारण माझं पोट त्यावरच चालतं. कशेळीच्या एका मोठ्या गोदामात मी पत्त्यांच्या खात्यात काम करते. आमच्याकडचं पार्सल माणसाच्या दारात जायच्या आधी नकाशावर जातं. संगणक पत्ता वाचतो आणि नकाशावर एक पिन टोचतो. डिलिव्हरीवाला पत्ता वाचतच नाही, तो पिनच्या मागे जातो. पत्ता धड असेल तर पिन उंबऱ्यावर टोचली जाते. पण आपल्याकडे धड पत्ता लिहितो कोण? निजामपुऱ्यातला माणूस लिहितो, 'बंद टॉकीजच्या मागे, हिरव्या जिन्याने वर, कोणालाही विचारा'. संगणकाने कोणाला विचारायचं? टॉकीज पाडून तिथे कापडाचं मार्केट झालंय, जिन्याला निळा रंग दिलाय, आणि निजामपुरा हे एवढंसं नाव लोक इतक्या तऱ्हांनी लिहितात की संगणकाला ती वेगवेगळी गावं वाटतात. गावाकडे तर आणखीच आनंद. पाड्यांची नावं नकाशावर नाहीतच. तेव्हा संगणक काय करतो, की जेवढं वाचता येतं तेवढं वाचतो, म्हणजे गावाचं नाव, आणि बाकीचं सोडून देऊन गावाच्या हद्दीच्या बरोबर मधोमध पिन ठोकून मोकळा होतो. 'मला सापडलं नाही' एवढं तो कबूल करत नाही. ती पिन खऱ्या पिनेसारखीच तांबडी आणि तेवढ्याच आत्मविश्वासाने उभी असते. दिघाशीच्या हद्दीचा हा मधोमध माझ्या मामाच्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी आला, यात मामाचा काही दोष नव्हता.

मामा तरुणपणी निजामपुऱ्यात लूमवर होता. लूम सुटून जमाना झाला, तरी आजूबाजूला शंभर माग खडखडत असल्यासारखा तो अजून ओरडूनच बोलतो. पिन हा शब्द त्याला पटला नाही. पहिल्यांदा जेव्हा मी त्याला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजे माज्या आंगनात कुनी तरी टाचणी टोचलीय, आन मला इचारलं बी न्हाय." तेव्हापासून ती टाचणीच झाली. एका डिलिव्हरीवाल्याचा मोबाइल हातात घेऊन मामा अंगणभर फिरला. निळा ठिपका तांबड्या टाचणीवर बसेपर्यंत तो पुढे मागे होत राहिला. ठिपका बसला तो थेट खुराड्याला लागून. मामाने तिथे पहारीने खड्डा घेऊन एक दगड पुरला आणि त्याला चुना फासला. आठवड्याभरात कुणीतरी त्या दगडाला कुंकू लावून गेलं, मग दोन फुलं आली, मग एक नारळ. मामाने नारळ फोडून खाल्ला आणि रस्त्याने जाणाऱ्या बायकांवर खेकसला, "देव न्हाय तो! चूक हाय ती, चूक!"

चुकून आलेल्या माणसाचं काय करायचं याचा मामाचा एक विधी होता आणि त्यात काडीचाही बदल त्याला खपत नसे. गाडी वळताना दिसली की तो बाजेवरून उठायचा आणि काठी हलवून तिला जांभळाच्या सावलीत उभी करायला लावायचा. मग माठातलं पाणी. पाणी नको म्हटलेलं चालत नसे. आलेला माणूस घड्याळ दाखवायला लागला की मामाचं ठरलेलं वाक्य यायचं, "पानी पियाला किती येळ लागतो?" पाणी झालं की टाचणीवरचं व्याख्यान. त्या माणसाला हाताला धरून तो खुराड्यामागे न्यायचा, दगड दाखवायचा आणि म्हणायचा, "ही बग. तू चुकला न्हायस, तुला चुकवलाय." बहुतेक पोरं उत्तरेतली असायची. ती म्हणायची, "काका, देर हो रही है, मॅप तो यहीं दिखा रहा है." त्यावर मामाचं हिंदी सुरू व्हायचं. "मॅप झूठ बोलता है. मैं बोलता ना! तू पैले बैठ." आणि हे सगळं पार पडल्यावर, अगदी शेवटी, एखाद्या दुकानदाराने जाता जाता गिऱ्हाइकाला विचारावं तसा तो विचारायचा, "बरं, नाव काय? हाय कुनाचं?"

नाव कळल्यावर तो रस्ता सांगायचा, आणि तो ऐकण्यासारखा असायचा. "सरळ जा. वड लागंल, तिथनं डाव्या हाताला." पोरगा विचारी, कुठला वड. "तो तोडला. पन तिथनंच डाव्या हाताला." मामाच्या नकाशावर पडलेली झाडं, बुजवलेल्या विहिरी आणि विकलेली शेतं सगळी जागच्या जागी होती. एकदा एका पोराला त्याने अशी वाट सांगितली की ते बिचारं फिरून पुन्हा मामाच्याच अंगणात आलं, आणि मामाने त्याला नवा समजून पुन्हा पाणी दिलं.

ते वऱ्हाड आलं तेव्हाही असंच झालं. लग्न होतं ओढ्यापलीकडच्या पाड्यात. नवऱ्याकडच्यांनी मोबाइलवर गाव टाकलं आणि दोन बसगाड्या मामाच्या जांभळाखाली येऊन थांबल्या. बँडवाल्यांनी सवयीने वाजवायला सुरुवात केली. मामा कोंबड्या गोळा करत होता. नवरदेवाचे काका घाम पुसत म्हणाले, "मुहूर्त टळतोय हो!" मामा म्हणाला, "मुहूर्त थांबतो. पानी पियाला किती येळ लागतो?" सगळ्या वऱ्हाडाला मामीने माठ, हंडे, पातेली रिकामी करून पाणी पाजलं, नवरदेवाला दगड दाखवण्यात आला, आणि मग मामा पहिल्या बसच्या पायरीवर उभा राहून त्यांना पोचवून आला. मुहूर्त खरंच थांबला होता. नवरीकडच्यांनी मामाला टोपीचा अहेर केला. ती टोपी घालून तो पुढे किती तरी दिवस म्हणत होता की घाई ही लोकांनी उगाच काढलेली गोष्ट आहे, पाण्याच्या भांड्याने जगात कुणाचं काही अडत नाही.

एवढं असूनही टाचणी काढ म्हणून तो माझ्या मागे लागलेला असायचाच. मी सुट्टीला गेले की हातपाय धुवायच्या आत सुरुवात. "बाय, तुज्या हापिसात सांग ना, टाचणी काडा बोलावं." मी म्हणायची, "मामा, नकाशा आमचा नाही. आमचं ऑफिस तो दुसऱ्याकडून विकत घेतं." "मंग खराब निगाला बोलून परत कर." मामी आतून ओरडायची, "काडू नको गं! टाचणी गेली त हा दिसभर माज्याशी भांडंल." आम्ही हसायचो. त्या घरात तेव्हा खूप हसणं होतं, आणि ते बरंचसं त्या टाचणीमुळेच होतं.

माझी थोरली मावशी, म्हणजे मामाची आक्का, ओढ्यापलीकडे आंब्याच्या पाड्यात राहायची. पाड्यात आंबा नाही, पण नाव तेच. मामाला तिनेच वाढवलं. आजी लवकर गेली आणि आक्का परकर सांभाळत याला कडेवर घेऊन भात लावायला जायची. एवढा ओरडणारा मामा जगात फक्त तिच्याशी हळू बोलायचा. दर सणाला तो तिच्याकडे जायचा, ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि तो मुकाट डोकं पुढे करून बसायचा.

पुढचं मला मामीने सांगितलं. मामा त्याबद्दल बोलत नाही.

दुपारची वेळ होती. मावशी चुलीपुढून उठता उठता छाती धरून खाली बसली. शेजारणीने तिच्या मुलाला, माझ्या मावसभावाला, निजामपुऱ्यात लूमवर फोन लावला. त्याने आवाजातून बाहेर गल्लीत पळत येऊन रुग्णवाहिकेला फोन केला, आईचं नाव आणि पत्ता सांगितला, जसा आपण सगळे सांगतो तसाच, 'दिघाशी, आंब्याचा पाडा, मराठी शाळेच्या मागे'. मग त्याने मामाला फोन लावला. मामाचा फोन घरात खिळ्याला टांगलेल्या पिशवीत असतो. तो तिथे वाजला आणि थांबला. मामी हातपंपावर धुणं धूत होती आणि मामा बाहेर बाजेवर होता. मावसभावाने मोटरसायकल काढली. पलीकडे कुणाच्या तरी संगणकाने आंब्याचा पाडा शोधला, तो मिळाला नाही, शाळेच्या मागे म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, दिघाशी तेवढं कळलं. त्याने टाचणी टोचली.

रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली ती मामाच्या अंगणात. मामा उठला, त्याने काठी हलवून ती जांभळाच्या सावलीत लावायला लावली. ड्रायव्हर उडी टाकून खाली उतरला. "काका, पेशंट कुठाय?"

"पेशंट हितं कुनी न्हाय," मामा म्हणाला. "तुमी पयले न्हाय, सगळे हितंच येतात. आदी पानी प्या."

"पाणी नको, काका. पेशंट दाखवा."

"आरं, पानी पियाला किती येळ लागतो?" असं म्हणत मामाने माठातलं भांडं भरून त्याच्या हातात दिलंच. त्या माणसाने ते घटाघट संपवलं, म्हातारा काहीतरी दाखवेल या आशेने. मामा म्हणाला, "चला, दावतो," आणि घराच्या मागे निघाला. ड्रायव्हरला वाटलं, माणूस मागच्या पडवीत पडलाय. त्याने हाक मारली, आतला मदतनीस स्ट्रेचर घेऊन उतरला, आणि ते दोघं मामाच्या मागोमाग धावत खुराड्यापर्यंत गेले. मामी ओल्या हातांनी पंपावरून पळत आली तेव्हा तिने पाहिलं, की कोंबड्यांच्या खुराड्यापुढे स्ट्रेचर धरून दोन माणसं उभी आहेत आणि मामा त्यांना काठीने चुन्याचा दगड दाखवतोय. "ही बगा टाचणी. तुमी चुकला न्हाय, तुमाला चुकवलाय..."

ड्रायव्हर किंचाळला, "अहो, बाई मरायला टेकलीय तिकडे! या कोण आहेत ते तरी सांगा!" आणि त्याने मोबाइलवरचं नाव वाचलं.

ते आक्काचं नाव होतं.

मामी सांगते, मामाच्या हातातली काठी पडली आणि तो तसाच अनवाणी पळत जाऊन गाडीत पुढे बसला. ड्रायव्हर त्याला रस्ता विचारत होता आणि मामा नुसता हाताने दाखवत होता. वडाचं नाव त्या दिवशी त्याने घेतलं नाही. ओढ्याच्या मोरीवर समोरून वाळूचा डंपर आला होता, त्याला मागे घ्यायला लावलं. मावसभाऊ मोटरसायकलवर होता, ड्रायव्हर लावत असलेला फोन त्याला खिशात ऐकू गेला नव्हता. तो आणि रुग्णवाहिका जवळजवळ एकदमच पाड्यात शिरले. मावशी भिंतीला टेकून बसली होती. शेजारीण तिच्या तोंडाला पाण्याचं भांडं लावत होती आणि पाणी तसंच हनुवटीवरून खाली येत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी झटका मोठा होता असं सांगितलं. आधी आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं, असंही म्हणाले. ते भले गृहस्थ होते, त्यांनी मामाच्या खांद्यावर हात ठेवला. मामा म्हणाला, "सांगता आलं नसतं म्हंजे वाचली बी असती."  मी तोवर कशेळीहून दवाखान्यात पोचले होते. मला त्या क्षणी माझ्या नोकरीची, त्या नकाशाची आणि तांबड्या टाचण्यांची इतकी चीड आली की काय सांगू. मामाला मी म्हटलं, "मामा, यात तुझं काही नाही रे. गाडीच चुकीच्या जागी आली." तो म्हणाला, "गाडी चुकली. मंग माज्या दारात आली ना? मला पाडा ठावं होता का न्हाय? नाव इचाराचं रायलं." नंतर थोड्या वेळाने तो स्वतःशीच म्हणाला, "पानी पाजलं मी त्याला."

तेराव्यानंतर मामाने पहार घेऊन दगड उपटला आणि ओढ्यात टाकून दिला. माठही त्याने आत नेला. बाज उभी करून भिंतीला लावली. पण टाचणी काही दगडात नव्हती. पोरं येतच राहिली. मामा आत बसून असायचा आणि मामी बाहेर येऊन त्यांना वाट सांगायची. घर इतकं शांत झालं की मला तिथे जेवण जात नसे. मामाचा ओरडा बंद झाला होता. तो सगळ्यांशीच आता आक्काशी बोलायचा तसा हळू बोलत होता, आणि ते मला त्याच्या सगळ्या आरडाओरड्यापेक्षा भयंकर वाटायचं.

इकडे मी ऑफिसात खटपट केली. वरच्या साहेबांना धरलं, नकाशावाल्यांना लिहायला लावलं, आंब्याचा पाडा आणि बाकीचे पाडे नकाशावर चढवा म्हणून मागे लागले. त्यांचं उत्तर आलं की पाडे यथावकाश चढतील, पण त्या एका घरावरची पिन हवी तर आताच हलवता येईल. मला वाटलं, एवढं तरी झालं. मी खास रजा काढून दिघाशीला गेले. मामाला म्हटलं, "मामा, तुझी टाचणी काढतायत. आता कुणी येणार नाही."

मामा किती तरी महिन्यांनी एकदम मोठ्याने बोलला. "काडून कुटं टोचनार?"

मी म्हटलं, "कुठे तरी दुसरीकडे. मोकळ्या माळावर वगैरे."

"म्हंजे पाडं न्हाय घातलं नकाशात. टाचणी तेवडी हलवली." तो उठून दारात आला. "बाय, आक्काची गाडी मोकळ्या माळावर गेली असती त? हितं माज्यासारका येडा त व्हता. तिथं त कुत्रं बी न्हाय. त्यांना सांग, काडू नका बोलावं. चुकलेली गाडी कुटं तरी येनारच ना? मंग माज्याच दारात येऊ दे."

ज्या टाचणीसाठी त्याने माझा जीव खाल्ला होता, ती राहू द्यावी म्हणून मी मग पुन्हा ऑफिसात अर्ज विनंत्या केल्या. पण एकदा वर पोचलेली गोष्ट खाली येत नाही. पुढच्या महिन्यात पिन हलली. मामाच्या अंगणात गाड्या यायच्या बंद झाल्या.

या गोष्टीला पावसाळा होऊन गेला. परवा सुट्टी होती म्हणून मी रिक्षा करून गेले, तर अंगणात मामी एकटीच तांदूळ निवडत बसली होती. बाज नव्हती, माठ नव्हता. मी विचारलं, "मामा कुठाय?"

"डूटीवर," मामी म्हणाली. ती हसली नाही. "एक पोरगा रस्त्यानं हिंडत हुता, त्याच्या मोबाइलात बगून आला टाचणी कुटं गेली ती. तवाधरनं सकाळीच जातो. भाकर तिथंच नेऊन द्यावी लागते."

मी तीच रिक्षा पुढे घेतली. ओढ्याच्या अलीकडे, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांच्या पलीकडे एक पडीक माळ आहे. तिथे सावली नाही, घर नाही, जवळपास काहीच नाही. त्या माळाच्या मधोमध आमची बाज होती, बाजेला काळी छत्री बांधली होती, आणि छत्रीच्या सावलीत माठ ठेवून मामा बसला होता. रिक्षाचा आवाज त्याने लांबूनच टिपला असावा. तो धडपडत उठला आणि काठी टेकत, ढेकळांवरून अडखळत आमच्याकडे यायला लागला. त्याला आता लांबचं दिसत नाही. त्याने मला ओळखलं नव्हतं.

"नाव सांगा!" तो ओरडत होता, लूमवर ओरडायचा तसा. "आदी नाव सांगा! कुनाचं हाय?"

मी खाली उतरले. "मामा, मी आहे."

"मी न्हाय. नाव!"

मी माझं नाव सांगितलं. आईचं सांगितलं, गाव सांगितलं, सगळं नीट आणि सावकाश सांगितलं. तो अगदी जवळ आला, माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत राहिला, आणि त्याचे खांदे खाली आले.

"घरचीच हायेस व्हय," तो हळूच म्हणाला. "मंग बस, बाय. आता पानी पी."